शीत रूपित पोलादातील अवशिष्ट प्रतिबले व शिणवटा तडे

शीत रूपित पोलादातील अवशिष्ट प्रतिबले व शिणवटा तडे : कोणताही बाह्य भार नसताना वस्तूच्या अंतर्भागात टिकून राहिलेल्या प्रतिबलांना (एकक क्षेत्रफळावरील अंतर्गत प्रेरणांना) अवशिष्ट प्रतिबले म्हणतात. पोलादाचे पत्रे, पट्ट्या, तारा वा नळ्या न तापविता वाकवून, लाटून किंवा ओढून त्यांना हवा तो आकार देणे म्हणजे शीत रूपण होय. एका वेळी सहज पेलता येईल असा भार लाखो वेळा पडत व उतरत राहिला, तर धातूत सूक्ष्म तडा उत्पन्न होतो व तो क्रमाक्रमाने वाढत जाऊन अखेरीस वस्तू अचानक तुटते; या आविष्काराला शिणवटा ही संज्ञा आहे. शीत रूपणामुळे मागे उरलेली प्रतिबले या तड्याची वाढ काही ठिकाणी अनेक पटींनी शीघ्र करतात, तर काही ठिकाणी ती जवळजवळ रोखून धरतात. तडा कोणत्या पृष्ठभागावर व कोणत्या दिशेने वाढतो यावर हे अवलंबून असल्याने या विषयाला व्यवहारात फार महत्त्व आहे.

मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यालगतचा रे रोड-दारूखाना हा भाग शीत रूपित पोलादाच्या व्यापारासाठी दीर्घकाळ प्रसिद्ध आहे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे (कारकीर्द १८८५–९०) यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रस्त्याच्या आसपास पत्रे, पट्ट्या, नळ्या, अँगल, चॅनेल व भंगार यांची वखार व गाळे दाटीने वसलेले आहेत. याच लॉर्ड रे यांच्या कारकीर्दीत, १८८७ मध्ये, मुंबईतील व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही तंत्रशिक्षणाची संस्था स्थापन झाली. पावडर वर्क्स बंदराच्या किनाऱ्यावर जुनी जहाजे तोडून त्यांचे पत्रे विकण्याचा धंदाही येथे वाढला. १९८३ पासून गुजरातमधील अलंग येथे हा धंदा मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. मुंबईतील लोखंड बाजाराचा काही भाग पुढे नवी मुंबईतील कळंबोली येथे हलविण्यात आला. बाजारात गुंडाळीच्या रूपात आलेला पत्रा उलगडून सपाट करतात, कातर यंत्रावर कापतात आणि दाबयंत्रावर (बाजारभाषेत ‘बेंडिंग मशीन’वर) वाकवून त्याचे ‘सी’ वा ‘झेड’ आकाराचे छेद बनवितात. यांपैकी प्रत्येक टप्प्यावर पोलादात काही अवशिष्ट प्रतिबल शिल्लक राहते. गिऱ्हाइकाला मात्र ते दिसत नाही व तराजूतही उतरत नाही.

ते असते याचा पुरावा कोणत्याही लहान कारखान्यात मिळू शकतो. शीत रूपित व शिवणीवर जोडलेल्या नळीचा तुकडा घेऊन तो करवतीने लांबीच्या दिशेने चिरल्यास चीर रुंदावते व नळी उमलल्यासारखी उघडते. कोणताही भार नसताना हे घडते, याचा अर्थ नळीच्या भिंतीत परस्परविरोधी प्रेरणा एकमेकींना तोलून धरीत होत्या आणि करवतीने तो तोल मोडला. नळी किती उघडली हे मोजून प्रतिबलाचा स्थूल अंदाज करता येतो.

उत्पत्ती : पत्रा वाकविला असता बाहेरील पृष्ठभाग ताणला जातो व आतील पृष्ठभाग दाबला जातो. वाक पुरेसा तीव्र असेल, तर जवळजवळ संपूर्ण जाडीतील धातू पराभव प्रतिबलाला (ज्या प्रतिबलाला कायमची विकृती सुरू होते त्याला) पोहोचतो. दाबयंत्राचा दाब काढून घेताच पत्रा थोडासा मागे उसळतो. हे उसळणे स्थितिस्थापक असते. ज्याला कामगार ‘स्प्रिंग मारणे’ म्हणतात तेच हे. वाकविताना बाहेरच्या अर्ध्या जाडीत सर्वत्र सारखाच, पराभव प्रतिबलाइतका, ताण असतो. उसळताना उलट दिशेने येणारे प्रतिबल मात्र मधल्या प्रतलाशी शून्य व पृष्ठभागाशी पराभव प्रतिबलाच्या दीडपट असते. या दोहोंची बेरीज केली असता एक अनपेक्षित निष्कर्ष निघतो : जो बाहेरील पृष्ठभाग वाकविताना ताणला गेला, त्यावर अखेर पराभव प्रतिबलाच्या निम्मे संपीडन (दाब) शिल्लक राहते आणि जो आतील पृष्ठभाग दाबला गेला, त्यावर तितकाच ताण राहतो.

६ मिमी. जाडीच्या व २५० न्यू./मिमी.² पराभव प्रतिबलाच्या पत्र्याचे उदाहरण घेतल्यास हे अधिक स्पष्ट होईल. वाकाच्या आतील पृष्ठभागावर १२५ न्यू./मिमी.² ताण असतो व तो आत जाताना कमी होत १ मिमी. खोलीवर शून्य होतो. त्यापुढील २ मिमी. जाडीत संपीडन असून मध्यप्रतलाजवळ ते पराभव प्रतिबलाइतके होते. मध्यप्रतल ओलांडताच प्रतिबल एकदम ताणात बदलते. हा ताण २ मिमी.पर्यंत टिकतो आणि शेवटच्या, बाहेरील १ मिमी. थरात पुन्हा संपीडन असते. हे गणित आदर्श धातूसाठी व सौम्य वाकासाठी आहे. प्रत्यक्षात पोलाद विकृतीबरोबर दृढ होत जाते, तीव्र वाकात जाडीच्या दिशेनेही प्रतिबले उद्भवतात आणि आलेख इतका रेखीव राहत नाही. परंतु आत ताण व बाहेर संपीडन हे मुख्य चित्र कायम राहते.

हे झाले वाकाच्या आडव्या दिशेविषयी. छेदाच्या लांबीच्या दिशेने चित्र निराळे असते. शीत रूपित चॅनेलांवरील मोजमापांत लांबीच्या दिशेने बाहेरील पृष्ठभागावर ताण व आतील पृष्ठभागावर संपीडन आढळले असून त्यांचे मूल्य साधारणपणे पराभव प्रतिबलाच्या पाव भागापासून दोनतृतीयांशापर्यंत असते. पत्रा गुंडाळीत असताना व ती उलगडताना झालेल्या वाकाचाही यात वाटा असतो. एकाच कोपऱ्यात दिशेनुसार विरुद्ध चिन्हांची प्रतिबले नांदत असल्यामुळे ‘या कोपऱ्यात ताण आहे की दाब’ असा प्रश्न दिशा न सांगता विचारणे निरर्थक ठरते. तंत्रज्ञांच्या लिखाणातही या बाबतीत गोंधळ आढळतो.

शिणवट्याचा अभ्यास : ८ मे १८४२ रोजी फ्रान्समध्ये व्हर्सायजवळ एंजिनाचा आस तुटून झालेल्या अपघातात पन्नासाहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. तेव्हापासून आगगाडीच्या आसांच्या तुटण्याकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले गेले. डब्ल्यू. जे. एम. रँकिन यांनी १८४३ मध्ये आसांच्या आकारातील तीक्ष्ण कोपऱ्यांचा दोष दाखवून दिला. प्रशियाच्या रेल्वेतील अभियंते ऑगस्ट व्होलर यांनी १८७० पर्यंत केलेल्या दीर्घ प्रयोगांतून असे सिद्ध झाले की, वस्तूचे आयुष्य कमाल प्रतिबलापेक्षा प्रतिबलाच्या चढउताराच्या व्याप्तीवर अधिक अवलंबून असते. योहान बाउशिंगर यांनी १८८६ च्या सुमारास असे दाखविले की, एका दिशेने कायमची विकृती पावलेला धातू उलट दिशेने भार येताच नेहमीपेक्षा लवकर शरण जातो. शीत रूपित वस्तूतील अवशिष्ट प्रतिबल पहिल्या काही मोठ्या भारांतच अंशतः का ओसरते, याचा खुलासा या शोधाने होतो.

तडा अस्तित्वात आहे असे धरूनच त्याच्या वाढीचा हिशेब करण्याची रीत मात्र विसाव्या शतकातील आहे. ए. ए. ग्रिफिथ (१९२१) व जी. आर. अर्विन (१९५७) यांनी घातलेल्या पायावर पी. सी. पॅरिस व एफ. एर्दोगान यांनी १९६३ मध्ये नियम मांडला. तड्याच्या टोकाशी प्रतिबलांची जी तीव्रता निर्माण होते, ती प्रतिबल व तड्याच्या लांबीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. प्रत्येक आवर्तनात तडा जितका पुढे सरकतो, ते अंतर या तीव्रतेच्या व्याप्तीच्या एका घाताच्या प्रमाणात असते. पोलादाच्या बाबतीत हा घात ३ च्या आसपास येतो. म्हणजे व्याप्ती दुप्पट झाली, तर वाढ आठपट होते. लांबी चौपट झालेला तडाही तेवढ्याच भाराखाली पूर्वीच्या आठपट वेगाने वाढू लागतो. तड्याच्या आयुष्याचा बहुतेक काळ तो दिसण्याइतका मोठा होण्यापूर्वीच संपलेला असतो, ही तपासनिसाची खरी अडचण आहे.

अवशिष्ट प्रतिबल स्थिर असते. ते बाह्य भाराच्या चढउतारात मिळविले, तरी कमाल व किमान ही दोन्ही टोके सारखीच सरकतात आणि व्याप्ती बदलत नाही. मग त्याचा परिणाम कसा होतो ? याचे समाधानकारक उत्तर डब्ल्यू. एल्बर यांनी १९७० मध्ये दिले. तड्याची दोन मुखे एकमेकांवर टेकलेली असताना टोकाशी काही घडत नाही. मुखे उघडी असतील तेवढ्याच काळात भार तड्याला पुढे ढकलू शकतो. संपीडन मुखे मिटवून ठेवते, ताण ती उघडी ठेवतो.

समजा, बाह्य भारामुळे एखाद्या ठिकाणी शून्य ते ८० न्यू./मिमी.² इतका ताण येत-जात आहे. तेथे ५० न्यू./मिमी.² अवशिष्ट संपीडन असल्यास एकूण प्रतिबल ५० संपीडनापासून ३० ताणापर्यंत फिरेल आणि तडा उघडणारी व्याप्ती केवळ ३० उरेल. घन नियमाने तड्याची वाढ सु. एकोणिसाव्या हिश्शावर येईल. आता उलट बाजू पहावी. बाह्य भार ४० संपीडन ते ४० ताण असा फिरत आहे. अवशिष्ट प्रतिबल नसेल, तर यांपैकी ४० एवढाच भाग परिणामकारक असतो. तेथे ५० अवशिष्ट ताण असल्यास प्रतिबल १० ते ९० ताण असे फिरते, तडा क्षणभरही मिटत नाही आणि वाढ आठपट होते. तडा शून्य प्रतिबलालाच मिटतो असे यात सोयीसाठी मानले आहे. याखेरीज तीव्रतेच्या व्याप्तीचे एक किमान मूल्य असते व त्याखाली तडा मुळीच वाढत नाही. ताणाच्या प्रदेशात हे किमान मूल्यही घटते आणि एरवी निद्रिस्त राहिलेले तडे चालू लागतात.

आता वाकविलेल्या ६ मिमी. पत्र्याकडे पुन्हा वळले असता तड्याचा प्रवास आधीच वाचता येतो. वाक उघडू पाहणारा भार वारंवार येत असेल, तर तडा कोपऱ्याच्या आतील बाजूस, ताणाच्या थरात सुरू होतो व पहिला १ मिमी. झपाट्याने ओलांडतो. पुढे संपीडनाचा पट्टा लागतो. तेथे त्याची गती मंदावते आणि भार लहान असल्यास तो थांबतोही. हा पट्टा पार झाल्यास पलीकडे पुन्हा ताण असतो. तथापि अवशिष्ट प्रतिबले हा स्वयंतोलित हिशेब आहे. तडा पुढे जाऊन धातू सुटा करतो तसतशी प्रतिबले नव्याने वाटली जातात. म्हणून आधी मोजलेली प्रतिबले अखेरपर्यंत तशीच राहतील असे धरून केलेले आयुष्याचे भाकीत चुकते. त्यातच बंद छेदाच्या (चौकोनी नळीच्या) कोपऱ्याची आतील बाजू बाहेरून दिसत नाही. ज्या पृष्ठभागावर रंग देता येतो व डोळ्यांनी पाहता येते तो सुरक्षित, आणि जो दिसत नाही तो धोक्याचा, अशी ही स्थिती आहे.

रूपणाचे इतर परिणाम : अवशिष्ट प्रतिबल हा शीत रूपणाचा एकमेव परिणाम नव्हे. कोपऱ्यातील धातूचे पराभव प्रतिबल वाढते व तन्यता घटते. पराभव प्रतिबल वाढल्याने तड्याचा आरंभ काहीसा लांबतो. परंतु आरंभ झाल्यानंतरच्या वाढीवर त्याचा फारसा उपकार होत नाही. भारतात शीत रूपित हलक्या छेदांच्या बांधकामासाठी भारतीय मानक ८०१ (१९७५) ही संहिता आहे. तीव्र कोपऱ्याच्या निकट वितळजोड (वेल्डिंग) करणे टाळावे असे अनेक देशांच्या संहिता सांगतात. कारण विकृती पावलेला धातू जोडाच्या उष्णतेने कालौघात ठिसूळ होतो. असे छेद वितळलेल्या जस्ताच्या कुंडात बुडविले असता कोपऱ्यांना तडे गेल्याची उदाहरणेही आहेत. जुन्या रिव्हेटच्या कामात भोके ठोशाने पाडीत. भोकाच्या कडेचा धातू शीत विकृतीने फाटून सूक्ष्म चिरा राहत, म्हणून भोक आधी लहान पाडून नंतर ते तासून मोठे करण्याची शिस्त पुलांच्या कामात रूढ झाली.

वितळजोडाजवळची अवशिष्ट प्रतिबले स्वतंत्र प्रकारची, पण परिणामाने याहून तीव्र असतात. थंड होताना आकुंचन पावू पाहणारा जोड शेजारच्या धातूने धरून ठेवल्यामुळे त्यात पराभव प्रतिबलाइतका ताण राहू शकतो. मग बाह्य भार संपीडनाचा असला, तरी जोडाशी प्रतिबल ताणातच फिरते. याच कारणास्तव वितळजोडाच्या रचनांचे शिणवट्याचे नियम सरासरी प्रतिबलाकडे दुर्लक्ष करून केवळ व्याप्तीवर आधारलेले असतात. भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीतही हीच पद्धत आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात ‘अलेक्झांडर किलँड’ हा तरंगता तळ उलटून १२३ माणसे बुडाली. चौकशीत असे निष्पन्न झाले की, एका आडव्या नळीवर श्रवणयंत्राचा धारक बसविण्यासाठी केलेल्या लहानशा वितळजोडापासून शिणवटा तडा सुरू झाला होता. धारक भार वाहण्यासाठी नव्हताच, त्यामुळे त्याच्या जोडाकडे कोणी गांभीर्याने पाहिले नव्हते.

ओढलेल्या तारा : शीत रूपणाचे सर्वांत पराकोटीचे उदाहरण म्हणजे ओढून बारीक केलेली उच्च कार्बनी पोलादाची तार. रे रोड येथे ब्रिटिश काळातील पुलाच्या जागी बांधलेला, तारदोरांनी मनोऱ्याला टांगलेला रेल्वेवरील नवा पूल मे २०२५ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अशा पुलांच्या दोरांत वापरतात त्या सात पदरी तारांचे बल सु. १,८६० न्यू./मिमी.² असते, म्हणजे साध्या बांधकाम पोलादाच्या चौपटीहून अधिक. तार साच्याच्या छिद्रातून ओढताना पृष्ठभाग व गाभा सारखे लांबत नाहीत आणि परिणामी पृष्ठभागावर लांबीच्या दिशेने ताण व गाभ्यात संपीडन राहते. शिणवटा पृष्ठभागावर सुरू होत असल्याने ही वाटणी नेमकी नको तशी आहे. म्हणून तार वा पीळ घातलेला दोर ताणलेल्या अवस्थेत सु. ३५०°–४००° से. पर्यंत तापवितात. या संस्करणाने पृष्ठभागावरील ताण बराचसा ओसरतो व दीर्घकाळात भार सैल पडण्याचे प्रमाणही घटते. टांगत्या पुलांचे दोर व त्यांची पकड यांची चाचणी साधारणतः २० लाख आवर्तने देऊन घेतात. आवर्तनांची ही संख्या दिसते तितकी दूरची नाही : एखाद्या लोहमार्गावरून दिवसाला ५०० गाड्या जातात असे मानल्यास ११ वर्षांत गाड्यांची संख्याच २० लाखांवर जाते, आणि आसागणिक मोजल्यास ती मर्यादा काही महिन्यांतच ओलांडली जाते.

समुद्राकाठची खारी हवा या सर्वांत भर घालते. कोरड्या हवेत पोलादाला एक शिणवटा मर्यादा असते, म्हणजे तीखालील प्रतिबलाने ते कितीही आवर्तनांनंतर तुटत नाही. क्षरणकारक वातावरणात अशी मर्यादा राहत नाही. अवशिष्ट ताण व क्षरण यांच्या संगनमताचे एक जुने उदाहरण भारतातलेच आहे. ब्रिटिश सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवली असता आपोआप चिरत. काडतुसांचे कवच शीत रूपणाने बनविलेले होते आणि त्यातील अवशिष्ट ताणाला पागेतील अमोनियाची जोड मिळाली होती. येथे बाह्य भार नव्हता व आवर्तनेही नव्हती. या तड्यांचे कारण १९२१ मध्ये स्पष्ट झाले आणि मंद आचेवर केलेल्या अनुशीतनाने (तापवून सावकाश थंड करण्याने) ते थांबले.

मापन व उपाय : अवशिष्ट प्रतिबल प्रत्यक्ष मोजता येत नाही, मोजतात ती विकृती. नमुना पट्ट्यांत कापून त्यांचे आखडणे-लांबणे मोजणे ही सर्वांत जुनी रीत होय. पृष्ठभागावर विकृतिमापक चिकटवून त्यांच्यामध्ये लहान भोक पाडण्याची रीत अधिक सोयीची असून तीत वस्तूचा नाश होत नाही. क्ष-किरणांच्या विवर्तनाने स्फटिकातील अणूंच्या थरांमधील अंतर मोजून पृष्ठभागालगतचे प्रतिबल काढता येते, तर न्यूट्रॉनांच्या साहाय्याने काही सेंमी. खोलीपर्यंतचे कळते.

प्रतिबले काढून टाकण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे वस्तू ६००°–६५०° से.ला, जाडीच्या दर २५ मिमी.स सु. एक तास या प्रमाणात, तापवून सावकाश थंड करणे. मात्र त्यासाठी वस्तूएवढी भट्टी लागते आणि शीत रूपणाने मिळालेले जादा बलही नाहीसे होते. वाकाची त्रिज्या मोठी ठेवणे हा स्वस्त उपाय आहे; परंतु जागेची बचत करण्याच्या मोहाने तोच प्रथम सोडला जातो. दुसरी युक्ती म्हणजे प्रतिबल काढण्याऐवजी ते उपकारक चिन्हाचे करणे. मालमोटारींच्या पाट्यांच्या स्प्रिंगांवर पोलादी छर्ऱ्यांचा मारा करून पृष्ठभागाच्या काही दशांश मिमी. थरात संपीडन निर्माण करतात. वितळजोडाच्या कडेवर हातोडीयंत्राने ठोकण्याचा उद्देशही हाच असतो. एकदा मोठा ताण देऊन सोडला असता खाचेच्या टोकाशी संपीडन राहते व पुढील वाढ काही काळ मंदावते. याउलट एकदाच मोठा दाब येऊन गेल्यास तेथे ताण राहतो व इजा होते. वाहतुकीत पडलेल्या, आपटलेल्या छेदांच्या बाबतीत ही गोष्ट ध्यानात घेतली जात नाही.

जहाजातून निघालेल्या पत्र्यांचा प्रश्न याहून वेगळा आहे. समुद्रातील वीस-पंचवीस वर्षांत त्यांनी लाटांची कोट्यवधी आवर्तने सोसलेली असतात, शिवाय वायुज्योतीने कापताना कडांवर नवी प्रतिबले येतात. हे पत्रे तापवून पुनर्लाटण केले, तर जुनी अवशिष्ट प्रतिबले पूर्णपणे पुसली जातात. परंतु आधीच पडलेल्या तड्याची मुखे गंजलेली असल्यामुळे लाटताना ती एकजीव होत नाहीत आणि तडा लांबट होऊन नव्या सळईत तसाच उतरतो. न तापविता तसेच थंड वाकवून वापरलेल्या पत्र्यात तर जुना तडा व नवे प्रतिबल ही दोन्ही एकत्र येतात. अशा पत्र्याचे छेद पन्हळी छपराच्या आधारासारख्या स्थिर भाराच्या कामी चालतात. यारीच्या (क्रेनच्या) तुळया, मालमोटारीचे सांगाडे, यंत्रांची कंपणारी बैठक यांसाठी ते वापरावयाचे असल्यास वाकाच्या आतील बाजूची चुंबकीय कणांनी व कडांची श्राव्यातीत तरंगांनी तपासणी वाकविल्यानंतर करावी लागते. आधी केलेली तपासणी पुरेशी होत नाही.